काही लागलं तर सांगा

मराठी माणूस आजाऱ्याला भेटायला गेला की तीन गोष्टी न चुकता करतो. जाताना शहाळं नेतो. बसल्यावर, नेमक्या त्याच आजाराने गेलेल्या आपल्या ओळखीतल्या कुणाची तरी हकिकत सविस्तर सांगतो. आणि निघताना एक पाय चपलेत घालून म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं! अगदी हक्कानं सांगा."

याला ठरलेलं उत्तर आहे. "नाही हो, सध्या काही नको. तुम्ही आलात हेच खूप." एवढं म्हटलं की दोन्ही बाजूंना हायसं वाटतं, दुसरा पाय चपलेत जातो, दार लागतं आणि घरात एक शहाळं वाढतं. पिढ्यान्‌पिढ्या हा कार्यक्रम सुरळीत चालू आहे. पंचाईत फक्त तेव्हा होते, जेव्हा खरोखरच काहीतरी लागतं.

आमच्या ह्यांना सीओपीडी आहे. फुप्फुसं जागच्या जागी आहेत, पण काम करायचं त्यांच्या मनात नाही. डोंबिवली ते व्हीटी अशी उभी हयात लोकलमध्ये गेली आणि त्यातली पुष्कळ वर्षं स्टेशनबाहेरच्या टपरीवर एक सिगारेट ओढल्याशिवाय घरी यायचं नाही, असा नेम होता. ह्यांनी सिगारेट कधीच सोडली. तिने ह्यांना सोडलं नव्हतं, हे मागाहून कळलं. थंडीत छातीत जंतुसंसर्ग झाला, आयसीयू झालं, बिल झालं. बिलातला बराचसा भाग विम्याने उचलला, उरलेला आमच्या ठेवीने. मग डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहून दिलं: घरी ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, दिवसातून किमान सोळा तास. खाली फाउलर बेड आणि एअर मॅट्रेस. 'जेवणानंतर एक गोळी' ज्या सुरात सांगतात त्याच सुरात त्यांनी हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "हे मिळतं कुठे?" ते म्हणाले, "सगळीकडे मिळतं."

डॉक्टरांचं म्हणणं अगदी खरं होतं. मिळतं सगळीकडे. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि त्यातूनही हौस उरली असेल तर ऑक्सिजनचं मशीन पाहावं विकत घेऊन.

दुकानातल्या मुलाने मला तीन मशीनं दाखवली. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरची किंमत चाळीस ते साठ हजार. मुलगा हुशार होता, शास्त्र समजावून सांगत होता. "काकू, हे मशीन खोलीतलीच हवा ओढून घेतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. आत दोन नळकांडी असतात, त्यात झिओलाइटचे दाणे. दाब दिला की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जातो तो नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन. एक नळकांडं भरलं की दुसरं काम करतं आणि पहिलं नायट्रोजन सोडून देतं. म्हणून तो फुस्स आवाज येतो."

"म्हणजे हवा आमचीच?"

"हो."

"आणि वीज?"

"ती पण तुमचीच."

"मग पन्नास हजार कशाचे?"

"गाळणीचे, काकू."

या गाळणीवर एके काळी १९८ टक्क्यांपर्यंत नफा घेतला जात होता, असं खुद्द सरकारलाच आढळलं होतं. तेव्हा जून २०२१ मध्ये नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. माणसाचा जीव गुदमरत असताना बाजाराचा श्वास किती मोकळा असतो, हे यावरून कळतं.

मी घरी शिकवण्या घेऊन संसाराला हातभार लावलेली बाई. गणित ही माझी खोड आहे. रिक्षात बसल्या बसल्या हिशेब केला. साडेतीनशे वॉट, सोळा तास, म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटांच्या वर, महिन्याला १६८. आमचं घर आतापर्यंत विजेच्या शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यात गुण्यागोविंदाने नांदत होतं. आता मुक्काम १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात. शिवाय वीज गेली की मशीन बंद, म्हणजे इन्व्हर्टर हवा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मग मी रीतसर मदत शोधायला बाहेर पडले.

सुरुवात विम्यापासून. एजंट आमच्या माहितीतले. दर दिवाळीला कॅलेंडर घेऊन येतात. त्यांना सांगितलं, मशीन घ्यायचंय. ते म्हणाले, "वहिनी, पेशंट ॲडमिट असेल तर ऑक्सिजनचे पैसे मिळतील."

"पण डॉक्टरांनीच घरी पाठवलंय."

"मग बरे झाले असतील ना!"

इतकं सोपं निदान कुठल्याही छातीच्या डॉक्टरने केलं नव्हतं. मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंची विमा नियामकाने घालून दिलेली एक यादी असते, ६८ कलमांची. फार रंजक वाचन आहे. त्यात सौंदर्यसेवा आहेत, लाँड्री आहे, टीव्हीचं शुल्क आहे, बाळाचं खाणं आहे आणि त्यांच्याच पंगतीला रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर किट आणि पाण्याची किंवा हवेची गादी. म्हणजे मी फेशियल करून घेणं आणि ह्यांनी श्वास घेणं, दोन्ही आमचे हौसेचे खर्च.

'घरच्या घरी उपचार' असं एक कलम मात्र सापडलं. माझा जीव भांड्यात पडणार, तोच अटी दिसल्या. पेशंटची अवस्था हलवता येणार नाही अशी असावी, किंवा रुग्णालयात खाटच मिळू नये. आणि त्याखाली बारीक अक्षरात, हे कलम ज्या आजारांना लागू नाही त्यांची नावं. त्यात दमा होता आणि ब्राँकायटिसही होता. बारीक अक्षर लिहिणाऱ्याला आमच्या घरचा पत्ता आधीच माहीत असावा.

मग सरकारी योजना. योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पांढऱ्या रेशनकार्डालाही. पण उपचार रुग्णालयातला. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांचा खर्चही धरला आहे. सोळाव्या दिवशी फुप्फुसांनी आपापलं बघायचं. मुख्यमंत्री सहायता निधीतून पैसे मिळतात, ते थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही खाट उचलून घरी आणता येत नाही. एकंदरीत आपल्याकडे आजारी असणं ही रुग्णालयाच्या चार भिंतींतली गोष्ट आहे. गेटबाहेर पडला की माणूस आजारी राहत नाही, नुसता नवरा उरतो. आणि नवऱ्यासाठी अनुदान नाही.

एक योजना मात्र खरोखर घरातल्या माणसासाठी होती. मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय ६५ च्या पुढे, एकरकमी तीन हजार रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, मानेचा पट्टा, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा. डोळे, कान, मान, कंबर, गुडघे, सगळ्यांची चौकशी आहे. फुप्फुसांनी अर्ज केला नसावा. तरी म्हटलं, कमोड खुर्ची तर येईल. खिडकीवरच्या मुलीने उत्पन्न विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली. "जास्त होतंय, काकू. दोन लाखांच्या आत पाहिजे."

या मर्यादांशी आमचं काहीतरी वाकडं आहे. मुख्यमंत्री निधीची मर्यादा एक लाख साठ हजार, धर्मादाय मोफत खाटेची एक लाख ऐंशी हजार, वयोश्रीची दोन लाख. आम्ही प्रत्येक उंबरठ्याच्या बोटभर वर. ह्यांची तुटपुंजी पेन्शन आणि ठेवीचं व्याज मिळून आम्ही सरकारदरबारी सुखवस्तू ठरतो. ठेव कशासाठी ठेवली होती? आजारपणासाठी. आता आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांचं व्याज येतं, म्हणून आजारपणासाठी मदत मिळत नाही. ठेव मोडली तर मदतीला पात्र होऊ, पण मग किराणा कशातून आणायचा, यावर खिडकीत मार्गदर्शन मिळत नाही.

वरच्या मजल्यावर एक सीए राहतात. ते म्हणाले, "काकू, निदान करात सूट घ्या." प्राप्तिकर कायद्यात एक कलम आहे, गंभीर आजारांच्या खर्चासाठी. यादी वाचली. कर्करोग आहे, पार्किन्सन आहे, निकामी मूत्रपिंडं आहेत, हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाही आहेत. फुप्फुसं इथेही गैरहजर. आणि असती तरी काय? कर बसण्याइतकं आमचं उत्पन्नच नाही. मदत मागायला गेलं की आम्ही श्रीमंत आणि कर वाचवायला गेलं की गरीब. एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोन्ही अनुभव देणारी ही व्यवस्था आहे, तिला पक्षपाती म्हणता येणार नाही.

तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. "मावशी, तू काळजी करू नकोस, मी इथून मशीन पाठवतो." पोरगा सोन्यासारखा, पण तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. सायकलसुद्धा वेगळी, तिकडे ६०, इकडे ५०. ते मशीन इथे लावायचं तर सोबत एक ट्रान्सफॉर्मर हवा आणि बहुधा एक इलेक्ट्रिशियनही. शिवाय परदेशातून आलेल्या मशीनची एक कथा मला ठाऊक होती. २०२१ च्या मे महिन्यात दिल्लीत ८५ वर्षांच्या एका आजोबांना अमेरिकेतल्या पुतण्याने कॉन्सन्ट्रेटर भेट पाठवला. त्यावर १२ टक्के कर लागला. आजोबा उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकालाला स्थगिती घेऊन आलं. श्वास लागलेल्या माणसाने दोन न्यायालयांच्या पायऱ्या चढायच्या, म्हणजे तब्येत ठणठणीतच हवी. मी भाच्याला म्हटलं, "तू नुसता फोन करत जा रे."

दरम्यान घरी भेटणाऱ्यांची रीघ चालूच. शहाळी येत होती आणि शहाळ्यांबरोबर सल्ले. "तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, उशाशी दोन कुंड्या ठेवा." तुळशीचा मान मोठा आहे, पण मिनिटाला दोन लिटर म्हणजे तिच्यावर अन्याय होईल. दुसरे म्हणाले, पिंपळाखाली नेऊन बसवा. तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. पिंपळच वर आणणं त्या मानाने सोपं. चुलतसासूबाईंनी महामृत्युंजयाचा जप सांगितला आणि स्वतःच येऊन करायचीही तयारी दाखवली. "उशाशी समई मात्र अखंड तेवत पाहिजे," म्हणाल्या. तोवर भाड्याचा सिलिंडर घरात आला होता. मी म्हटलं, "काकी, ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. दिवा, उदबत्ती, काडी, सगळं निदान दहा फूट लांब." त्या म्हणाल्या, "देवाच्या दिव्यानं कधी काही होत नाही." शेवटी जप बाल्कनीत झाला. समईला वारा लागत होता आणि काकींना डास.

आणि मग ती संध्याकाळ आली. ह्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी आले होते. शहाळं दिलं, हकिकत सांगितली, उठले. एक पाय चपलेत.

"वहिनी, काही लागलं तर सांगा हं. अगदी हक्कानं."

मी म्हटलं, "लागलंय."

आमच्या पॅसेजमध्ये एवढी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती. त्यांचा पाय चपलेतच राहिला, दुसरा फरशीवर. वाक्य कुठे चुकलं असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी पुढे सांगून टाकलं. "पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन. नवं पन्नास हजार, जुनं पंचवीस. भाड्यानं महिन्याला पाच हजार, वर डिपॉझिट. शिवाय एक इन्व्हर्टर. त्याची किंमत अजून काढली नाही."

आतून ह्यांचा खोकल्याचा आवाज आला. तो नेहमीचा खोकला नव्हता, 'गप्प बस' असा होता.

सहकाऱ्यांनी चपलेतला पाय बाहेर काढला, परत आत येऊन बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "इन्व्हर्टर माझ्याकडे पडून आहे. आमच्या कॉम्प्लेक्सला जनरेटर आला, तेव्हापासून माळ्यावरच आहे. बॅटरी तेवढी नवी लागेल, ती मी टाकतो." आणि जाताना इतके खुशीत गेले की शहाळं देतानाही तेवढे खूश नव्हते. दोन दिवसांनी इन्व्हर्टर आला. वीज गेली तर मशीन तीन-चार तास तगेल, एवढी सोय झाली.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. 'काही लागलं तर सांगा' हे लोक खोटं म्हणत नाहीत. पण काय लागतं आणि ते केवढ्याला येतं, हे त्यांना ठाऊक नसतं आणि आपण सांगत नाही. मोघम मागितलं की मोघमच मिळतं. नेमकं मागितलं की माणूस माळ्यावर जाऊन बघतो. मी फ्रिजच्या दारावर कागदच लावला. नाकातल्या नळ्या, एवढे रुपये. मशीनचा फिल्टर, एवढे रुपये. डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन. एक महिन्याचं वाढीव वीजबिल, अंदाजे. ह्यांनी तो पाहिला आणि कळवळले. "अगं, ही काय भीक मागायची रीत झाली?"

"भीक कसली? वर्गणी आहे. तुम्ही मंडळाला इतकी वर्षं दिलीत की नाही?"

"त्याची पावती मिळते."

"मीही देईन पावती."

सगळेच पाघळले असं नाही. एका नातेवाइकांना कागद वाचता वाचता अचानक फोन आला आणि रेंज शोधत ते जिन्यापर्यंत गेले ते गेलेच. एकांनी कागद दोनदा वाचून प्राणायाम सुचवला. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आमच्याकडे आता शहाळ्यांऐवजी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन येतात. हे पाणी मशीनच्या बाटलीत लागतं, नाकात जाणारी हवा कोरडी होऊ नये म्हणून. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही तेच चालतं. ह्यांचं आणि बॅटरीचं आता एकाच कॅनमधून चालतं. दोघंही रात्री आवाज करतात.

राहता राहिलं खुद्द मशीन. आमची बायकांची भिशी आहे. बाराजणी, महिन्याला दोन हजार, चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिला चोवीस हजार. त्या महिन्यात कुणीतरी छोट्या पोराकडून चिठ्ठी काढवली, माझं नाव आलं. मी म्हटलं, देव पावला. टाळ्या झाल्या, पोहे झाले. आवराआवर करताना उरलेल्या चिठ्ठ्यांचा डबा माझ्या हातून कलंडला. एक उलगडली, माझं नाव. दुसरी उलगडली, माझं नाव. बाराजणींच्या भिशीत असं होण्याची शक्यता किती, हा प्रश्न मी कैक वर्षं मुलांना परीक्षेत घातला आहे. मी वर पाहिलं, तर सगळ्याजणी पोह्यांत मीठ कमी आहे का यावर अत्यंत गंभीर चर्चा करत होत्या. मी चिठ्ठ्या पुन्हा घडी घालून डब्यात ठेवल्या आणि म्हटलं, मीठ ठीक आहे.

चोवीस हजारांत जुनं मशीन शोधायचं होतं. जुन्या मशीनच्या जाहिराती वाचायला छाती लागते. 'फक्त दोन महिने वापरलेलं', 'अगदी नव्यासारखं', 'फारसं वापरलंच नाही'. गाडीच्या जाहिरातीत हीच वाक्यं वाचून माणूस खूश होतो. इथे प्रत्येक 'फारसं वापरलंच नाही' याच्या मागे एक घर असतं. कल्याणच्या एका गृहस्थांकडे मशीन पाहायला गेले. या मशीनला तासांचा मीटर असतो, किती चाललं ते त्यावर कळतं. आकडा होता ११२०. माझ्या खोडीने तिथल्या तिथे सोळाने भागलं. सत्तर. पूर्ण भाग गेला, बाकी शून्य. त्यांना मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पंचवीस म्हणाले होते, मी काही बोलायच्या आत स्वतःच बावीसवर आले. वर दोन नव्या नळ्या, अर्धा कॅन पाणी आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या मेकॅनिकचा नंबर दिला. आणि पंख्याचा फिल्टर दर आठवड्याला कसा धुवायचा ते करून दाखवलं. आमच्याही आधी त्या घरानं हे शिकून घेतलं होतं.

मशीन आता आमच्या हॉलच्या कोपऱ्यात असतं आणि रुसलेल्या सासूसारखं दर काही सेकंदांनी फुस्स करतं. पाहुणे दचकतात, आम्हाला ते थांबलं की दचकायला होतं.

बेड मात्र विकत घेण्याची वेळ आली नाही. आपल्याकडे गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. कुठे एखादी सेवाभावी संस्था चालवते, कुठे रोटरी किंवा लायन्स, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ. परत मिळणारं डिपॉझिट, नाममात्र भाडं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. लाखाची योजना शोधत फिरणाऱ्याला चार गल्ल्यांपलीकडे वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि बेड मांडून बसलेले हे लोक दिसत नाहीत, कारण त्यांची जाहिरात नसते. एखाद्या देवळाच्या मागची खोली, एक रजिस्टर आणि एक निवृत्त काका एवढाच कारभार. आमच्या काकांच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना होता, 'परत करण्याची अंदाजे तारीख'. माझा पेन थांबला. काकांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, त्या रकान्यात 'बघू' असं लिहिलं आणि म्हणाले, "सही करा."

बेड टेम्पोतून खाली आला. आता तीन मजले. फाउलर बेड म्हणजे साडेसहा फुटांचा लोखंडी सांगाडा, पायथ्याशी दोन हँडल; एक फिरवलं की पाठ उचलते, दुसरं फिरवलं की गुडघे. आमच्या जिन्याला हे मंजूर नव्हतं. मी मंडळाच्या पोरांना हाक मारली. त्यातले निम्मे माझ्याकडे त्रैराशिक शिकून नापास झालेले. "बाई, तुम्ही बाजूला व्हा," म्हणाले. दर वर्षी नऊ फुटी मूर्ती मांडवात नेणाऱ्यांना बेड म्हणजे काहीच नाही. "डोकं तिरकं घे... पाठ भिंतीला लाव... सोंड सांभाळ... अरे, हँडल सांभाळ!" वळणावर बेड अडकला. सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि सवयीनं आरोळी गेली, "गणपती बाप्पा..." खालून वरपर्यंत सगळी दारं उघडली आणि बिल्डिंगने प्रतिसाद दिला, "मोरया!" बेड सुटला, वर चढला. मागून एका उत्साही पोराने पुढची ओळ सुरू केली, "पुढच्या वर्षी लव..." तिघांनी मिळून त्याचं तोंड दाबलं.

हे आत पलंगावर बसून ऐकत होते. इतके हसले की ऑक्सिमीटरने तक्रार केली.

बेडचं हँडल फिरवून पाहिल्याशिवाय त्या दिवशी एकही पोरगा घरी गेला नाही. ह्यांची पाठ एवढ्या वेळा वरखाली झाली की शेवटी ह्यांनीच सभा बरखास्त केली.

आता सगळं स्थिरस्थावर आहे. एकच भांडण रोज होतं. कुणी आलं की हे नाकातली नळी काढून ठेवतात. बरं दिसत नाही म्हणे. सोळा तासांचे चौदा होतात, मी मीटर पाहते आणि रात्री हिशेब मागते. परवा अशीच बोलाचाली झाली. मी म्हटलं, "त्या बायकांनी चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहून पैसे दिलेत, ते नळी खुंटीला टांगायला नाही."

हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मशीन आपण पुढे विकू तेव्हा जाहिरातीत काय लिहिशील?"

"काय लिहू?"

"'भरपूर वापरलेलं' असं लिही. ठळक अक्षरात. भाव आला नाही तरी चालेल."

"मेकॅनिक म्हणत होता, सर्व्हिसिंग नीट केलं तर वीस हजार तासही जातं."

ह्यांनी नळी उचलली, कानांमागून घेऊन नाकात नीट बसवली आणि म्हणाले, "मग वीस हजार तर वीस हजार. डोंबिवलीचा माणूस आहे मी. पैसे वसूल झाल्याशिवाय उठणार नाही."